छोट्या ऑफिसची सायबर सुरक्षा: आधी काय करायचं, नंतर काय

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम मी करतो. आंबा-काजूचे व्यापारी, होमस्टे, पतसंस्था, कर सल्लागार, मासळी प्रक्रियेचे कारखाने, सगळीकडे एकच चूक दिसते. फसवणुकीची बातमी कानावर आली की कुणीतरी अँटिव्हायरस आणतं आणि विषय मिटला असं धरून चालतं. प्रत्यक्षात पैसे गेले तेव्हा मला बोलावणाऱ्या ऑफिसांपैकी बहुतेक ठिकाणी अँटिव्हायरस चालूच होता. पैसे माणसानेच स्वतःच्या हाताने, कामाच्या घाईत, ओळखीचा वाटणारा मेसेज पाहून पाठवले होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पैसे बाहेर जाण्याची वाट आधी, मग खाती, मग बॅकअप, मग यंत्रं. हा लेख ३ ते २५ माणसांच्या ऑफिससाठी आहे. सगळं नीट करायला दोन आठवडे लागतात. मार्च ते मे हंगामात हे काम काढू नका, अर्धवट राहतं. पावसाला सुरुवात झाली की किंवा दिवाळीनंतर घ्या. फक्त टप्पा २ मात्र आजच करा, त्याला एक कागद आणि अर्धा तास पुरतो.

## तयारी

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी चार गोष्टी जमवा.

एक जाड वही. ती कुलपात राहील, आणि यादी, रिकव्हरी कोड, फोन नंबर सगळं तिच्यात जाईल. कॉम्प्युटर बंद पडल्यावर कॉम्प्युटरमधली यादी कुणाला दिसणार? म्हणून वही.

एक जबाबदार माणूस आणि त्याचा एक बदली. मालकाचा पुण्यात शिकणारा मुलगा या यादीत नको. रोज ऑफिसला येणारा माणूस हवा.

दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क. एक नाही, दोन. कारण टप्पा ४ मध्ये येईल.

आणि मालकाचा शब्द, सगळ्यांसमोर दिलेला: “इथले नियम मलाही लागू.” हा शब्द मिळत नसेल तर पुढचं काम सुरू करू नका. मालकाने स्वतःच पहिल्या आठवड्यात “माझ्यासाठी एवढं चालवून घे” म्हटलं की नियम संपला.

## टप्पा १: काय काय आहे याची यादी

वहीत तीन पानं करा: यंत्रं, खाती, सिमकार्ड.

यंत्रांच्या पानावर कॉम्प्युटर, लॅपटॉप, राऊटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि ऑफिसचं काम होतं ते सगळे मोबाइल लिहा. खात्यांच्या पानावर ई-मेल, नेट बँकिंग, जीएसटी पोर्टल, बुकिंगच्या साइट्स, वेबसाइटचं डोमेन. प्रत्येकासमोर दोन रकाने ठेवा: पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे, आणि ओटीपी कुठल्या नंबरवर जातो.

हा दुसरा रकाना भरताना लोकांना घाम फुटतो. मेल आठ वर्षांपूर्वी मुंबईच्या भाच्याने उघडून दिलेला असतो, ओटीपी अजून त्याच्या फोनवर जातो. डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर काम सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर असतो. प्रत्येक खातं आणि प्रत्येक सिम ऑफिसच्या किंवा मालकाच्या नावावर आणा. भारत सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. मालकाने आपल्या नावाने एकदा पाहून घ्यावं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

तपासा: ओटीपीच्या रकान्यात ऑफिसबाहेरच्या माणसाचा एकही नंबर उरलेला नाही ना?

सावधान: पासवर्ड या यादीत लिहू नका. कुणाला ठाऊक आहे एवढंच लिहा.

## टप्पा २: पैसे बाहेर जाण्याची वाट

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

ऐन एप्रिलमधली गोष्ट. एका आंबा निर्यातदाराकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचं बिल मेलवर आलं. सोबत एक ओळ: बँकेत ऑडिट चालू आहे, यावेळची रक्कम नव्या खात्यात टाका. हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी पावणेचार लाख टाकले. नवव्या दिवशी खोकीवाल्याचा फोन आला, “शेठ, पैसे कधी पाठवताय?” मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहिली. लेटरहेड तेच, जीएसटी क्रमांक तोच, खोक्यांची संख्याही बरोबर. म्हणजे चोर खोकीवाल्याचा मेल कितीतरी दिवस वाचत बसला होता. फरक दोनच होते. खातं वेगळं, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं चिकटून बसवलेली. पडद्यावर ती दोन मिळून एमच दिसतात. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हाही ताईंना ती चटकन दिसली नाहीत.

असं डोळ्यांनी पकडता येत नाही. म्हणून नियम लागतो. पुढचे पाच नियम कागदावर लिहा आणि हिशेबाच्या टेबलासमोर चिकटवा.

१. उलट फोन. खातं बदललं, नवं खातं आलं किंवा “लगेच पाठवा” असा निरोप आला, तर मेसेजमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. वहीतल्या जुन्या नंबरवर आपण फोन करायचा. आलेला फोन कितीही ओळखीच्या आवाजात असला तरी ठेवायचा आणि आपण लावायचा. आवाज आता एआयने हुबेहूब बनवता येतो, त्याला काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं.

२. दोन माणसं. एक रक्कम भरेल, दुसरा मंजूर करेल. चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये ही सोय बहुतेक बँका देतात, शाखेत अर्ज करावा लागतो. दोघांचे फोन वेगळे हवेत. दोन्ही लॉगिन एकाच कॉम्प्युटरवर, एकाच चिठ्ठीवर लिहिलेले असतील तर तो नियम नाही.

३. नाव पाहून मगच रक्कम. नेट बँकिंगमध्ये आरटीजीएस-एनइएफटी करताना समोरच्या खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव पाहता येतं. रिझर्व्ह बँकेने ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे आदेश बँकांना दिले होते. एक रुपया पाठवून “पोचला” एवढं विचारणं पुरेसं नाही. चोराच्या खात्यातही एक रुपया पोचतोच.

४. मर्यादा. रोज जास्तीत जास्त किती रक्कम बाहेर जाते ते पाहा आणि बँकेत तेवढीच मर्यादा ठेवा. हंगामात वाढवा, मे अखेर परत खाली आणा. वाढवलेली मर्यादा तशीच राहून जाणं ही नेहमीची चूक.

५. पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. होमस्टेवाल्यांनी हे वाक्य पाठच करावं. “मी लष्करात आहे, युनिटच्या १५ लोकांसाठी खोल्या हव्यात, अ‍ॅडव्हान्ससाठी हा क्यूआर स्कॅन करा” असा फोन मालवणपासून दिवेआगरपर्यंत कितीजणांना आला आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपलेच जातात. आणि पैसे आले हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहायचं. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

“आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला” हा महावितरणच्या नावाने येणारा मेसेजही याच जातीचा. कारखान्यात फ्रीजर चालू असेल तर वीज जाण्याच्या नुसत्या नावाने माणूस धावत सुटतो, चोराला ते ठाऊक असतं. बिल महावितरणच्या अ‍ॅपमध्ये पाहा, त्या नंबरवर बोलू नका.

बँकेच्या साइटबद्दल एक सोपी खूण: रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. तो पत्ता हाताने टाइप करून बुकमार्क करून ठेवा. गुगलवर बँकेचं नाव शोधून वर दिसेल त्या लिंकवर जाऊ नका.

तपासा: दुसऱ्या एखाद्या नंबरवरून मालकाने स्वतः ऑफिसला मेसेज करावा, “अर्जंट ४० हजार या खात्यात टाक.” उलट फोन आला तर टप्पा झाला. नाही आला तर रागावू नका, कागद परत एकदा वाचा आणि आठवड्याने पुन्हा करून पाहा.

## टप्पा ३: खाती

क्रम असा ठेवा: ई-मेल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप, मग बाकीची. लोक बँकेपासून सुरू करतात. पण ज्याच्या हातात मेल आहे त्याला “पासवर्ड विसरलो” दाबून बाकीची निम्मी खाती उघडता येतात.

मेल सुरक्षित करताना आतला क्रमही चुकवू नका:

१. सगळ्यात स्वच्छ, अद्ययावत कॉम्प्युटरवर बसा. ज्याच्याबद्दल शंका आहे त्यावरून पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही चोराकडे जातो.
२. पासवर्ड बदला. लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतात. ऑफिसचं नाव आणि चालू साल, हा पासवर्ड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की चोरही तोच आधी घालून बघत असणार.
३. सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आऊट करा.
४. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पाहा. चोर एकदा आत आला की ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेला मेल गुपचूप त्याच्याकडे जाईल असा नियम घालून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात.
५. रिकव्हरीचा नंबर आणि मेल तपासा.
६. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनमध्येच कोड दाखवणारं) बरं, पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडण्याची) सोय असेल तर ती आणखी बरी. रिकव्हरी कोड वहीत लिहा.

बाकीच्या पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर, वापरा. बिटवॉर्डनची फुकट आवृत्ती लहान ऑफिसला चालते. नेट नसलेल्या ठिकाणी कीपासएक्ससी. याचा एक फायदा कुणी सांगत नाही: पत्ता बनावट असेल तर पासवर्ड मॅनेजर तिथे पासवर्ड भरत नाही. ‘एम’च्या जागी ‘आर-एन’ असलं की माणूस फसतो, पासवर्ड मॅनेजर फसत नाही. तो आपोआप भरत नसेल तर हाताने टाइप करण्याआधी थांबा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन कामं. टू-स्टेपचा सहा अंकी पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. काम सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर ऑफिसचं व्हॉट्सअ‍ॅप सहा महिने उघडं राहिलेलं मी पाहिलं आहे.

सावधान: माणूस काम सोडतो त्याच दिवशी त्याची खाती बंद. भांडून गेला असो वा हार घालून निरोप दिला असो, त्याच दिवशी.

## टप्पा ४: बॅकअप, आणि तो कुठे ठेवायचा

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर मी एका ऑफिसात गेलो. त्यांचा बॅकअप अगदी नियमित होता, दर शनिवारी, तारखेची चिठ्ठी लावून. हार्ड डिस्क लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती, कॉम्प्युटरपासून चार फुटांवर. खण उघडला तर आत चिखल गच्च बसलेला, हार्ड डिस्क बाहेर काढायला खरवडावं लागलं. बारा वर्षांचा हिशेब गेला. त्या माणसाने निष्काळजीपणा केला नव्हता. दोन्ही वस्तू एकाच जागी ठेवल्या, एवढंच चुकलं.

कोकणात बॅकअपला दोन शत्रू: पाणी आणि रॅन्समवेअर. रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तो कॉम्प्युटरला जोडलेली हार्ड डिस्कही कुलूपबंद करतो. त्यामुळे कायम जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे.

तसंच गुगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर आपोआप सिंक होणारं फोल्डरही एकट्याने पुरत नाही. इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते. जुन्या आवृत्त्या परत मिळतात, पण मर्यादित दिवसच.

पद्धत अशी ठेवा. माहितीच्या तीन प्रती: एक कामाची, एक डिस्कवर, एक गावाबाहेर.

१. शुक्रवारी डिस्क ‘अ’ जोडा, बॅकअप घ्या, काढा. पुढच्या शुक्रवारी डिस्क ‘ब’. एक बिघडली किंवा बाधित झाली तरी दुसरी फार तर दोन आठवड्यांपूर्वीची असते.
२. जी डिस्क वापरात नाही ती ऑफिसात ठेवायची नाही. उंचावरच्या घरी, माळ्यावर. आपल्याकडची खारी दमट हवा डिस्कला मारते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या पावसाळ्यात बदला.
३. महिन्यातून एकदा एक प्रत क्लाउडवर, वेगळ्या खात्यात. किंवा घाटावर, कऱ्हाड-कोल्हापूरला कुणी आपलं असेल तर तिसरी डिस्क तिकडे.
४. ऑफिसबाहेर जाणारी प्रत्येक डिस्क एनक्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचता येणार नाही. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, नसेल तर फुकट मिळणारं व्हेराक्रिप्ट. तिची किल्ली वहीत. त्याच डिस्कवर किल्ली ठेवलेले लोक मला भेटले आहेत.

टॅली वापरत असाल तर नुसतं फोल्डर कॉपी करू नका, कुणी एंट्री करत असताना कॉपी केलेलं फोल्डर अर्धवट निघू शकतं. टॅलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि त्याच्यातलीच बॅकअपची सोय वापरा.

तपासा: तीन महिन्यांतून एकदा बॅकअप परत उघडून पाहा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या फोल्डरमध्ये. बॅकअप घेतला त्याच्या आदल्या दिवसाचं एखादं बिल सापडलं तरच बॅकअप आहे असं धरा.

सावधान: ही चाचणी चालू डेटाच्या फोल्डरवर करू नका. जुना डेटा नव्यावर बसतो आणि आठवड्याचं काम जातं.

आणि यूपीएस. आपल्याकडे जूनमध्ये वीज दिवसातून चारदा जाते. बॅकअप चालू असताना गेली तर डिस्क आणि डेटा दोन्ही धोक्यात. यूपीएसची बॅटरी मे महिन्यात तपासून घ्या.

## टप्पा ५: यंत्रं

आता अँटिव्हायरसची पाळी. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि नीट अपडेट ठेवला तर लहान ऑफिसला तो पुरतो. एकावर एक दोन अँटिव्हायरस बसवू नका, एकमेकांना अडवतात.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका. नवा घेणं जमत नसेल तर निदान बँकिंगसाठी एक अद्ययावत यंत्र बाजूला काढा, त्यावर दुसरं काहीच नाही. क्रॅक केलेलं विंडोज किंवा टॅली असेल तर ते आधी काढा, क्रॅकसोबत काय आलं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

रोजच्या कामासाठी साधं खातं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. अपडेट बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, ठरवून.

घरून टॅली बघता यावी म्हणून राऊटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ उघडा ठेवलेला असेल तर आजच बंद करून घ्या. रॅन्समवेअर आत शिरण्याची ती ठरलेली वाट आहे. घरून काम हवंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची बंदिस्त वाट) लावून घ्या. एनीडेस्कसारखं अ‍ॅप दुरुस्तीपुरतं चालू करा, कायमच्या पासवर्डने उघडं ठेवू नका.

राऊटरचा मूळ पासवर्ड बदला. पाहुण्यांचं वायफाय वेगळं करा. होमस्टेमध्ये पाहुणा आणि बुकिंगचा कॉम्प्युटर एकाच वायफायवर असता कामा नये. राऊटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून ९.९.९.९ टाकलं तर ओळखीच्या घातक साइट्स फुकटात अडवल्या जातात.

मोबाइलवर एकच नियम: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडायची नाही. लग्नपत्रिका असो, आरटीओचं चलन असो, पीएम किसानची यादी असो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, अ‍ॅप म्हणून येत नाही. उघडली गेलीच तर ती एसएमएस वाचू लागते, आणि एसएमएसमध्ये ओटीपी असतो.

## टप्पा ६: माणसं

एका पतसंस्थेतल्या मुलाने अशीच एक फाइल उघडली. त्याला तासाभरात कळलं की काहीतरी चुकलं आहे. पण त्याने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. नोकरी नवीन होती, साहेब तापट होते. तिसऱ्या दिवशी त्याने मला बाहेर रस्त्यावर गाठून विचारलं, “दादा, कुणाला सांगू नका, पण हे काढता येईल का?” त्या दोन दिवसांत त्याच्या फोनवरून ऑफिसच्या सगळ्या ग्राहकांना तीच फाइल गेली होती. फाइल उघडण्याच्या चुकीपेक्षा गप्प बसण्याचं नुकसान कितीतरी मोठं झालं. आणि गप्प बसायला त्याला ऑफिसनेच शिकवलं होतं.

म्हणून पहिला नियम मालकासाठी: जो स्वतःहून येऊन “मी चुकीचं दाबलं” म्हणेल त्याला त्या दिवशी ओरडायचं नाही. “बरं केलंस लगेच सांगितलंस,” एवढंच. हे एकदा सगळ्यांसमोर घडलं की पुढे लोक सांगतात.

मग सोमवारी सकाळी १५ मिनिटं. भाषण नको. त्या आठवड्यात कुणाला आलेला खरा मेसेज मोठ्याने वाचा आणि विचारा, यात तुम्हाला काय खटकलं? तीन गोष्टी शोधायला शिकवा: घाई, भीती आणि “कुणाला सांगू नका”. यातली एक दिसली तरी उलट फोन. स्पेलिंगच्या चुका शोधायला शिकवू नका. पूर्वी बनावट मेसेजचं मराठी मोडकं असायचं, आता एआयमुळे ते तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध येतं.

बैठकीला शिपाई, ड्रायव्हर, हंगामी कामगार, सगळे हवेत. फोन कुणीही उचलतं.

सरावासाठी खोटा मेसेज पाठवायचा असेल तर आधी सांगा की या महिन्यात असा एक मेसेज येईल. फसलेल्याचं नाव घेऊ नका, किती जण फसले एवढाच आकडा सांगा.

तपासा: गेल्या महिन्यात किती जणांनी संशयास्पद मेसेज आणून दाखवला? शून्य असेल तर मेसेज आले नाहीत असं समजू नका, लोक अजून सांगत नाहीत असं समजा.

## टप्पा ७: एआय कुठे वापरायचं

एआय तुमच्या बाजूने आधीच काम करतं आहे. जीमेलचा स्पॅम फिल्टर, डिफेंडरचं क्लाउड संरक्षण आणि अँड्रॉइडचं प्ले प्रोटेक्ट, तिन्ही मशीन लर्निंगवर चालतात. ती चालू आहेत ना एवढं पाहा. “काम अडतं” म्हणून कुणीतरी बंद केलेली असतात.

चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारखी साधनं दोन कामांना चांगली. इंग्रजीत आलेली सुरक्षेची सूचना मराठीत समजावून घेणं, आणि संशयास्पद मेसेजवर दुसरं मत घेणं. दुसरं मत घेताना प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. “हा मेसेज खरा आहे का?” असं विचारू नका. ते ठामपणे उत्तर देईल आणि ते चुकीचं असू शकेल. असं विचारा: “या मेसेजमधल्या कुठल्या गोष्टी तपासायला हव्यात आणि त्या मी स्वतः कुठे तपासू?” मग तपासायचं आपणच. एआयने बरोबर म्हटलं तरी उलट फोन चुकत नाही.

काय देऊ नये हेही वहीत लिहा: ग्राहकांचे आधार, पॅन, खाते क्रमांक, पासवर्ड, ओटीपी, कर्जदारांच्या याद्या. नावं आणि आकडे खोडून मगच मजकूर द्या. फुकट खात्यात टाकलेला मजकूर कुठे वापरला जातो यावर आपला ताबा नसतो.

मेल वाचून स्वतःहून कामं करणारे एआय सहायक आता मिळतात. त्यांना पैशाच्या खात्याजवळ नेऊ नका. मेलमध्ये दडवलेली सूचना, माणसाला न दिसणारी, असा सहायक आज्ञा समजून पाळू शकतो. ब्राउझरला लावायची अनोळखी ‘एआय’ एक्स्टेन्शनही नकोत, ती पडद्यावरचं सगळं वाचतात.

आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. २०२४ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने बनावट व्हिडिओ बैठकीतल्या वरिष्ठांचं ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले बाकीचे चेहरे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले होते. आपल्याकडे त्यावर उपाय सोपा आहे: ऑफिसचा एक परवलीचा शब्द ठरवा. तोंडी सांगा, कुठेच लिहू नका. मोठ्या रकमेच्या बोलण्यात तो विचारायचा, मालकालाही.

## टप्पा ८: घात झालाच तर पहिला तास

हे पान वहीतून वेगळं काढून फोनशेजारी भिंतीवर लावा.

१. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. दुसरा माणूस त्याच वेळी बँकेला फोन करेल. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी रोखता आले तरच परत मिळण्याची आशा, म्हणून मिनिटं मोलाची. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा.
२. कॉम्प्युटर बाधित असेल तर त्याचं नेट तोडा: केबल काढा, वायफाय बंद. यंत्र लगेच बंद करू नका, फॉरमॅट तर मुळीच नाही. त्यातच पुरावा असतो.
३. बॅकअपची डिस्क घाबरून त्या यंत्राला जोडू नका. वाचलेली प्रत याच क्षणी जाते.
४. पडद्याचे फोटो काढा. मेसेज, नंबर, मेल काही डिलीट करू नका.
५. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, टप्पा ३ च्या क्रमाने.
६. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपनी किंवा फर्म असेल तर ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवणं एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.
७. ग्राहकांना आपणच सांगा: “आमच्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका.” लाज वाटते, पण त्यांना दुसरीकडून कळण्याआधी कळायला हवं.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे की चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाजूंनी लवकर सांगणंच फायद्याचं. फोनवर सांगितलं तरी तक्रारीचा क्रमांक घ्या आणि शाखेला लेखी द्या.

सावधान: चार-आठ दिवसांनी “तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा” असा फोन येतो. तोही त्याच टोळीचा असतो किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेल्याचा.

## वर्षाचं वेळापत्रक

मे अखेर: बॅकअप उघडून पाहणं, डिस्क उंच जागी, यूपीएस, बँकेची मर्यादा खाली.

गणपतीच्या आधीचा शुक्रवार: हे चुकवू नका. ऑफिस बंद, सगळे गावी, होमस्टेवाल्यांकडे मात्र चाकरमान्यांच्या बुकिंगची झुंबड, आणि चोर अशाच सुट्टीची वाट पाहत असतो. सुट्टीत बँकेचा संदेश कुणाच्या फोनवर येणार आणि रात्री दहाला रेंज नसेल तर तो कुणाच्या घरी जाऊन सांगणार, हे नावानिशी वहीत लिहा. शिमग्याच्या सुट्टीतही तेच.

फेब्रुवारी: हंगामाआधी टप्पा २ चा कागद नव्याने छापून लावा, गेल्या वर्षीचा उन्हाने पिवळा पडलेला असतो. पुरवठादारांचे नंबर एकेकाला फोन करून तपासा. हंगामी माणसं रुजू होतील त्या दिवशी पहिली १५ मिनिटं त्यांच्यासोबत बसा. आणि एप्रिलमध्ये, पेट्या भरण्याच्या ऐन गर्दीत, मालकाने दुसऱ्या नंबरवरून तो ४० हजारांचा मेसेज पुन्हा एकदा पाठवावा.